विरजणाची चिंधी

१९ जानेवारी २००८

दह्याच्या कारखान्यात कामाले असलेल्या पोराले कोणी विरजणाची चिंधी बांधून देते काय? हे मी मायले मागच्या साली म्हटलं, दिवाळीले म्हटलं, अन् परवा चांदूर बाजारच्या स्टँडवर एसटीत चढता चढताही म्हटलं. तिचं एकच. "तुमचं थे दही मशीनचं. आंगी लागत नाही." मी म्हटलं, माय, रोज दहा हजार लिटर दुधाचं दही करतो आमी, कपात भरून पुण्या-मुंबईले जाते, लोकं खाऊन मरून नाही राहिले. तर म्हणे, "मरत नसन. पण तू वाळून राहिला ना." अशा बाईसंग काय बोलावं. यंदा चिंधी घेतलीच.

चिंधी म्हणजे जुन्या धुवट लुगड्याचा चार बोटं रुंद तुकडा. माय थो घट्ट दह्यात भिजवते अन् सावलीत वाळवते. पापडासारखा कडक होते. कुठंही न्या, कोमट दुधात टाका, सकाळी दही. तिले हे विरजण तिच्या सासूनं देलं, सासूले तिच्या सासूनं. आजवर मोडलं नाही. मायचा सारा धंदा त्याच्यावर. सरकारच्या शेतकरी पॅकेजात भेटलेली एक गाय, दोन मडके, अन् चांदूर बाजारात बसाले हातभर जागा.

ही डायरी मागच्या सालची आहे. कृषी केंद्रवाल्यानं बाबांले फुकट देली होती. वार जुळत नाहीत म्हून वार खोडतो अन् तारीख ठेवतो. बाबांले आता डायरीचं काम नाही. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देलं अन् थे नांदगाव पेठेत कापडाच्या कंपनीच्या गेटावर बसतात. आमच्या डेअरीचं नाव लिहीत नाही, डायरी कोणाच्या हाती लागली तर. साताऱ्याकडे आहे एवढं पुरे.

२२ जानेवारी

इमाद माया खोलीतला जोडीदार, कामावरही जोडीनंच. अकोल्याचा. त्याचे अब्बा नबीभाई जठारपेठेत गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. बहीण माहेनूर अमरावतीले नर्सिंग शिकून राहिली, तिची फी इमाद भरते. पगार झाला की पहिले पोस्टात जाते, मंग जेवाले.

चिंधी पाहून म्हणे, "अबे किश्या, घरून जखमेची पट्टी आणली का?"

म्हटलं, दह्याची आहे.

"तुमच्या घरची गाय चिंध्या देते काय बे?"

सकाळी दही लागलं. सुरीनं कापावं असं. त्यानं एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मंग दह्याचा गंजच आपल्याकडे ओढला. "मायी अम्मी पाहिन तर मानणार नाही," म्हणे. "तिचं दही काही केल्या असं लागत नाही."

डब्यात थोडं कामावर नेलं. बाहेरचं खाणं आत न्याले बंदी आहे, हे पहिल्या दिवशी आमच्या मुकादमानंच सांगतलं होतं, खुशालरावानं. थो वर्ध्याकडचा, पण वीस वर्षं इकडे राहून बोलणं इकडचं झालं. डब्याचा वास आला तसा म्हणाला, "घरचं आहे का? आण बघू." कल्चर रूममध्ये थंड असते म्हून तिथंच स्टुलावर बसून खाल्लं. उरलेला डबा तिथल्याच फ्रिजमधी ठेवला. रोज आणत जा म्हणे.

२ फेब्रुवारी

नवा कॅन आला. स्टीलचा, आरशासारखा. जुन्याले पोचे पडले होते.

कॅनचं काम असं. लॅबमधून विरजणाची बाटली येते, कल्चर म्हणतात त्याले. बाटलीतून कॅन लावाचा, कॅनमधून मोठी टाकी. अन् आजच्या कॅनमधलं थोडं उद्याच्या कॅनसाठी काढून ठेवाचं, मायवाणीच. इमाद कॅन धुते, वाफ देते. मी दूध सोडतो अन् ढवळतो.

आज इमादनं नव्या कॅनले वाफ देली अन् माया पुढं ठेवला. मले काय वाटलं कोण जाणे. डब्यातल्या दह्यात बोट बुडवलं अन् कॅनच्या आतून काठाले फिरवलं. माय कोणतंही नवं भांडं आणलं की असंच करते. दुधाचं नवं भांडं घरच्या दह्याच्या बोटाशिवाय वापराचं नाही. त्याशिवाय भांड्याले घर ओळखत नाही म्हणते.

इमाद पाहून हासला. "झाली का तुयी पूजा? आता नारळ फोडू?"

मी दूध सोडलं.

११ फेब्रुवारी

आज दही लागलं नाही.

कप गरम खोलीत सहा घंटे ठेवतात. काढून हलवले तर आत दूध हललं. जरासं आंबूस, पण दूधच. अजून दोन घंटे ठेवलं, तरी तेच. सगळं नालीत सोडलं. मी पाइप धरून उभा होतो. एवढं पांढरं जाताना पाहून काही वाटलं पायजे होतं. वाटलं नाही.

१४ फेब्रुवारी

चार दिवसांत तीन बॅचा गेल्या. पहिले लॅबवाले म्हणाले, कोणाच्या तरी गायीले इंजेक्शन देलं असन, त्याचं औषध दुधात उतरलं. तपासलं, दूध साफ. मंग म्हणाले, बाटली जुनी असन. नवी बाटली फोडली. तीन दिवस दही लागलं, चौथ्या दिवशी पुन्हा दूध.

(वरची तारीख चुकली. आज १९ आहे. पानं मागं-पुढं झाली.)

इमाद म्हणे, "तुया चिंधीले लावा कामाले. तिचं एक दिवस चुकत नाही."

खरंच चुकत नाही. खोलीतलं दही रोज लागते.

२५ फेब्रुवारी

आज मॅनेजर खाली आले. आम्हा सगळ्यांले कल्चर रूमच्या दाराशी उभं केलं. म्हणाले, साबण नीट निघाला नाही तर विरजण मरतं. कॅन कोण धुतं?

"मी, साहेब," इमाद म्हणाला.

"धुतल्यावर आणखी कोणी हात लावतं?"

इमादनं मायाकडे पाहिलं. मले वाटलं काही बोलन. थो म्हणाला, "नाही साहेब. मीच."

मीही बोललो नाही. बोलाचं काय होतं? कॅन थोच धुते.

त्याच्या बावीस हजेऱ्या भरल्या होत्या, एकशेवीस रोजाप्रमाणे. त्या नुकसानीत कापल्या. खुशालरावानं त्याच्याकडून गमबूट मोजून घेतले.

खोलीवर त्याले बॅग भराले पाच मिनिटं लागले. म्हणे, "मायी गादी राहू दे. तिच्यावर झोपू नको मात्र, ढेकूण माये आहेत, पाळलेले." मंग चिंधीतला एक तुकडा मागतला, अम्मीले दाखवाले. मी ब्लेडनं अर्धी कापून देली. कागदात गुंडाळून त्यानं वरच्या खिशात ठेवली. स्टँडवर येऊ का विचारलं तर म्हणे, "कायले? तुयी ड्युटी आहे."

ड्युटीवर गेलो.

२६ फेब्रुवारी

खोलीत दही लागलं. डेअरीत नाही लागलं.

४ मार्च

इमादच्या जागी नवा माणूस आला. थो कॅन चार चार वेळा धुते, वास घेऊन पाहते. तरी दही लागत नाही. मोठ्या ऑफिसातून आज एक मॅडम आल्या, ललिता मॅडम. बुटक्या, चष्मा, आपली पेटी आपणच उचलतात. न लागलेल्या दह्यावरचं पाणी त्यांनी बाटलीत घेतलं, इतक्या बारीक जाळीतून गाळलं की म्हणे विरजणाचे जंतूही पार होत नाहीत. मंग एका काचेच्या ताटलीवर त्याचे थेंब टाकले. उद्या कळेल म्हणाल्या.

५ मार्च

ताटली दाखवाले सगळ्यांले बोलावलं. साऱ्या ताटलीवर पांढुरका थर, अन् थेंब टाकले होते तिथं गोल गोल भोकं. कसर लागलेल्या घोंगडीवाणी.

"हा थर म्हणजे तुमच्या विरजणातले जंतू," मॅडम म्हणाल्या. "आणि ही भोकं म्हणजे जिथे ते मेले."

मी विचारलं, "कोणं मारले?"

"विषाणूने. माणसांना विषाणू होतात तसे जंतूंनाही होतात. जाळीतून गेला तो हाच. जंतूच्या आत शिरतो, तिथे आपल्यासारखे पन्नास-शंभर तयार करतो, जंतू फुटतो, की हे बाहेर. मग पुढचा जंतू. तासाभराचा खेळ."

"मानसाले?"

"माणसाला काही करत नाही. तुमच्या-आमच्या पोटात आत्ताही आहेत. मातीत, नदीत, समुद्रात, जिथे जंतू तिथे हे, जंतूंहून जास्त. आणि प्रत्येकाचं गिऱ्हाईक ठरलेलं. दुसऱ्या जातीचा जंतू पुढ्यात ठेवला तरी ढुंकून बघत नाही."

"मंग साबण..."

"साबणाचा काही संबंध नाही."

खुशालराव आपल्या बुटाकडे पाहत होता.

मॅडमनं विचारलं, बाहेरचं दही, ताक, असं कोणी आत आणलं होतं का? एक थेंबही पुरतो. सुकला तरी हा जगतो. मग रोजच्या कॅनमधलं उद्याच्या कॅनला जातं, त्याबरोबर हाही जातो, आणि रोज वाढतो.

कोणी हात वर केला नाही. मॅडम थोडं थांबल्या अन् आपणच म्हणाल्या, "कच्च्या दुधातूनही येतो म्हणा," अन् वहीत काही लिहिलं. ते वाक्य मी धरून ठेवलं आहे.

मंग हात धुवाच्या नळावर खुशालराव भेटला. मी म्हटलं, "इमादले बोलवा ना आता. साबण नव्हता."

"जागा भरली."

"पगार तरी."

"किशोर, दही तू आणलंस. मी खाल्लं. त्याचं नाव काढलं की आपली दोघांची निघतील. माझी पोरगी बारावीला आहे." मी नळ बंद केला तसा जवळ आला. "समजून राहिला ना बाप्पा?"

दोन सालात पहिल्यांदा त्याच्या तोंडून आमच्याकडची बोली ऐकली.

फ्रिजमधला डबा खोलीवर नेला. घासून ठेवला.

१० मार्च

सारं धुतलं, क्लोरीन मारलं, नळ्या बदलल्या. आता कल्चरच्या तीन बाटल्या तीन जातींच्या. आज पहिली, उद्या दुसरी, परवा तिसरी. विषाणूले एक जात ओळखीची होते न होते तोवर दुसरी येते. अन् कालच्या कॅनमधलं आजच्याले लावणं बंद. दही लागलं.

मॅडम जायच्या आधी मी त्यांची पेटी गाडीपर्यंत नेली, देत नव्हत्या तरी. विचारलं, खेड्यातल्या बाया घरी दही लावतात, तिथं नसते का हा विषाणू?

"असतोच. उलट तिथे जास्त."

"मंग त्यांचं काहून लागते?"

"त्यांच्या विरजणात एक जात नसते, पाच-पन्नास असतात. एक मेली की तिची जागा दुसरी घेते. विषाणूही जगतो, दहीही जगतं, वर्षानुवर्षं. एकमेकांना सांभाळून असतात म्हण. तुमच्या कॅनमध्ये एकच जात होती. ती गेली की सगळं गेलं."

"अन् त्या विषाणूले कोणी खात नाही?"

त्या हासल्या. "त्याच्या जिवावर जगणारेही असतात, त्याच्याहून बारके. त्याचा संसार वापरतात आणि त्यालाच आवर घालतात. कितवी शिकलास तू?"

आठवी, म्हटलं.

बाबा स्वतः वावर वाहत होते तवा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, मधात तुरीच्या ओळी राहत, मूग राहे, धुऱ्यानं ज्वारी अन् भेंडी. आता बटईवाल्यानं सारं एकाच पाकिटातलं बियाणं लावलं. हे काहून आठवलं माहीत नाही.

खोलीवर येऊन चिंधी स्टोव्हवर धरली. दूध उतू गेल्यावाणी वास आला. मंग काही राहिलं नाही.

मॅडमनं कच्च्या दुधाचंही म्हटलं होतं. म्हणजे मायं बोट नसनही.

२७ एप्रिल

मायचा फोन, शेजारच्या पार्बताबाईकडून. उन्हाच्या तडाख्यानं गायीचं दूध आटलं. माय तीन दिवस मावशीकडे अडकली तर घरचं मडकंही नासलं. विरजण मोडलं. पार्बताबाईचं लावून पाहिलं, तारा सुटतात म्हणे. गिऱ्हाईक वापस जाते.

"तुयाजवळची चिंधी पाकिटात घालून पाठव. दुधाचं पाहीन मी कुठूनही."

"उंदरानं नेली, माय."

मंग म्हणे, "मी म्हणत होती ना, उंच टांगत जाय."

२९ एप्रिल

इमादले फोन केला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. थो अब्बासंग शेगड्या दुरुस्त करून राहिला. मागून ठोकाचा आवाज येत होता.

"किश्या? अबे, जिवंत आहे तू?"

म्हटलं, तुयाजवळची चिंधी आहे का? मायचं विरजण मोडलं.

"चिंधी कुठची राहते, तिचं तर रोज दही होते. अम्मीनं मोहल्ल्यात वाटून वाटून साऱ्यांले लावलं. आता लोकं भांडं घेऊन दाराशी येतात. पण दिवे लागल्यावर देत नाही कोणाले, तुया मायचा नियम सांगतला होता मी." मंग म्हणे, "दही लागते का तिथं आता?"

"लागते."

"कशानं बिघडलं होतं बे?"

"कच्च्या दुधातून काही आलं म्हणतात. विषाणू."

ठोकणं थांबलं.

"म्हणजे साबण नव्हता."

"नाही."

"बरं झालं सांगतलं. अम्मीले सांगतो. ते रोज विचारते ना, नीट धुतलं नव्हतं का रे बेटा, म्हून. हात धरून पाहते माया, चिकट आहे का." थो हासला. मंग म्हणे, माहेनूरची फी थकली, कॉलेजात हातापाया पडाले अमरावतीले जाणं आहेच, पाहतो दही देणं कसं जमते थे. तुया मायले आताच काही सांगू नको म्हणे, उगाच वाट पाहते बाई.

तवाच बोटाचं बोलता आलं असतं. एक रुपयाचं नाणं हातात होतं. फोनचा डब्बा मिनिटाले एक नाणं खाते. टाकलं नाही.

११ मे

पार्बताबाईकडे मायले फोन लावला. आवाजावरूनच कळलं.

"तुया दोस्त आलता. अकोल्याचा. अमरावतीवरून एसटीनं आला, दह्याचा डबा मांडीवर धरून. म्हणे, काकू, हे तुमचंच हाय, अम्मीनं वापस धाडलं. मी लावून पाहिलं किशोर. आपलंच हाय रे. सासूबाईचं."

म्हटलं, बरं झालं.

"पोरगं गुणाचं हाय. चहा घेतला, गायीचा पान्हा कसा उतरवाचा थे तुया बाबाले शिकवून गेला, त्याले काय कळते त्याच्यातलं. तुयं भल्लं नाव काढे. म्हणे, डेअरीत नवा कॅन आला तर किशोरनं त्याले घरच्या दह्याचं बोट लावलं, तुमी लावता तसं. मी हासलो होतो म्हणे तवा. आता अम्मीही लावते."

मी फोनची वायर बोटाले गुंडाळली.

"ऐकून राहिला ना?"

"हो."

"मले इतकं बरं वाटलं. कुठं का जाईन, पोरगं आपल्या घरचं इसरलं नाही." मंग म्हणे, "मी विचारलं त्याले, एवढं चांगलं काम काहून सोडलं बाप्पा. तर म्हणे, तिकडची हवा मानवली नाही, काकू."

नाणं संपलं. दुसरं खिशात होतं.

१३ मे

कामावर गेलो. कॅन भरला. आजची बाटली दुसऱ्या जातीची.

खुशालरावानं विचारलं, आजकाल घरचं दही आणत नाहीस? म्हटलं, विरजण मोडलं. "अरेरे," म्हणाला. खरंच वाईट वाटलं त्याले.

इमादच्या गादीवर झोपून पाहिलं. ढेकूण नव्हते.

१४ मे

मॅडमचा पत्ता लॅबच्या पोरानं लिहून देला होता. पत्र लिहाले बसलो. 'कॅनच्या काठाले बोट मी लावलं होतं, इमादनं नाही' एवढं झालं. पुढं खुशालरावाची बारावीची पोरगी आली, बाबांचं गेट आलं, मायचं मडकं आलं. कागद डायरीत ठेवला आहे. टाकीन, किंवा नाही टाकणार.

दुपारच्या सुट्टीत पोस्टात गेलो. मनिऑर्डरचा फॉर्म भरला, बावीस हजेऱ्यांचा. नाव इमाद नबी, जठारपेठ, अकोला. खाली संदेशाले चार ओळींची जागा असते. बाबूनं विचारलं, काही लिहायचं नाही का, फुकट असतं ते. म्हटलं, राहू द्या, आकडा पाहून त्याले समजन. बाबूनं चष्म्यावरून पाहिलं अन् आकडा अक्षरात लिहाले सांगतला. लिहिला.

रुपये दोन हजार सहाशे चाळीस.